दारावरचं बी. ए.

नाहूर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर सहजीवन सोसायटी आहे. तिथे दुसऱ्या मजल्यावर टिपणिसांच्या दारावर दोन पाट्या आहेत. वरची लाकडी, तिच्यावर नुसतं 'श्यामसुंदर टिपणीस', पुढे नाही मागे नाही. खालची पितळेची, अंमळ मोठीच, तिच्यावर 'सौ. शुभा सहदेव टिपणीस, बी. ए.' सासऱ्याच्या पाटीपेक्षा सुनेची पाटी मोठी, असं घर अख्ख्या सोसायटीत दुसरं नाही. ती पाटी सासऱ्यांनीच करून आणली आणि सासऱ्यांनीच ठोकली. गेली अठ्ठावीस वर्षं दर दिवाळीला शुभा ती चिंच-मीठ लावून लखलखीत करते. बाकी भांडी बाईकडे जातात. पाटी मात्र ती कुणाला हात लावू देत नाही, कारण ती घासताना आपला चेहरा कसा होतो, ते तिला कुणाला दाखवायचं नसतं.

सांगूनच टाकावं, उगाच ताणण्यात काय अर्थ? शुभा बी. ए. नाही.

एक विषय राहिला. आणि तोही कुठला, तर फाउंडेशन कोर्स, म्हणजे एफसी! मुंबईत ज्यांनी कॉलेज केलंय ते इथे हसतील, हसू देत. आर्ट्स असो, कॉमर्स असो, सगळ्यांना सक्तीचा विषय. माणूस नुसता पदवीधर होऊ नये, जरा शहाणाही व्हावा, म्हणून त्यात थोडे मानवी हक्क, थोडं पर्यावरण, थोडा समाज. वर्गात कुणी बसायचं नाही. परीक्षेआधी गाईड चाळलं की पास. शुभाचा जीव होता इतिहासात, तिनं गाईडसुद्धा चाळलं नाही, आणि दुसऱ्या वर्षाला त्या विषयात पडले तेहेतीस. पासाला लागतात पस्तीस. झालं, केटी लागली, म्हणजे तो विषय मागे ठेवून वरच्या वर्गात. तिसऱ्या वर्षाबरोबर तिनं तो पुन्हा दिला. इतिहासात सेकंड क्लास आला आणि एफसीत पडले एकतीस. म्हणजे वर चढायचं तर ही बया दोन पायऱ्या खाली उतरली.

मधल्या काळात लग्न ठरलं होतं. शुभाचे वडील विक्रोळीला कंपनीच्या कॉलनीत राहायचे. त्यांनी स्थळांना दिलेल्या माहितीत लिहिलं होतं, 'बी. ए., शेवटचे वर्ष'. ते तेव्हा खरंच होतं. लग्न झालं जूनमध्ये, निकाल आला जुलैत, आणि गुणपत्रिकेवर शिक्का होता, निकाल राखीव. खालच्या वर्षाचा विषय सुटेपर्यंत पदवी नाही. तोवर सासरी सगळे तिला 'आमची बी. ए. झालेली सून' म्हणायला लागले होते. वडील म्हणाले, "ऑक्टोबरात देऊन टाक. इतक्यात तिकडे बोलू नकोस. एफसी तर आहे."

तीन महिन्यांचा तर प्रश्न होता.

पंधरा ऑक्टोबर सत्त्याण्णव, बुधवार. पेपर अकराचा, घाटकोपरच्या बाजूच्या तिच्या जुन्या कॉलेजात. माहेरी जाऊन येते असं सांगून शुभा साडेनऊला तयार होती. पर्समध्ये हॉलतिकीट, दोन पेनं. चपला घालणार एवढ्यात सासरे, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, धापा टाकत जिना चढून आले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड.

"कुठे निघालीस? थांब, थांब! तुझ्याशिवाय कसं होणार?"

अण्णांनी त्या दिवशी ऑफिसातून रजा घेतली होती. ते महापालिकेत कारकून. मॅट्रिक झाल्या झाल्या घराचा भार अंगावर आला, कॉलेजची पायरी काही चढता आली नाही. घरात पहिलं पदवीधर माणूस आलं म्हणून त्यांनी भांडुपच्या एका कारागिराकडून महिनाभर मागे लागून ती पाटी करून घेतली होती. मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावलं होतं. समोरच्या माणिककाकू पेढ्यांचं ताट घेऊन हजर होत्या. आधी ड्रिल मिळेना, मग स्टूल मिळेना, मग स्क्रू पडला आणि सगळे जिन्यात वाकून स्क्रू शोधायला लागले. पावणेअकराला पाटी लागली. अण्णा म्हणाले, "नारळ शुभा फोडेल." शुभानं नारळ फोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आतल्या घड्याळात अकराचे ठोके पडले, तेव्हा माणिककाकू तिच्या तोंडात पेढा कोंबत होत्या.

त्यानंतर परीक्षा द्यायची म्हणजे आधी कबूल करायचं, आणि कबूल करायचं म्हणजे दारावरची पाटी काढायची. कोण काढणार? पुढच्या एप्रिलात गंधाली पोटात होती. मग ती लहान होती. मग सासूबाईंचं आजारपण निघालं, त्यातच त्या गेल्या. मग इतकी वर्षं झाली की आता कुठल्या तोंडानं बोलायचं? शुभा घरी शिकवण्या घ्यायला लागली. चौथीच्या पोरांना ती शिवकाल असा सांगायची, की तास संपला तरी पोरं उठायची नाहीत, आया खालून हाका मारायच्या. पण शिकवणीच्या जाहिरातीत तिनं कधी 'बी. ए.' लिहिलं नाही. नुसतं 'शुभाताई'.

आणि अण्णा? निवृत्त झाल्यावर अण्णा सोसायटीचे फॉर्म भरणारे झाले. रेशनकार्ड, पासपोर्ट, पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला, शाळाप्रवेश, काही असो, लोक अण्णांकडे यायचे. अक्षर मोत्यासारखं, आणि स्वभाव एकदम कडक. "नसेल माहीत तर रकाना कोरा ठेवा," ते समोरच्याला बजावायचे, "पण खोटं लिहायचं नाही. खाली सही आपली असते." एकदा माणिककाकूंनी वय दोन वर्षांनी कमी सांगितलं, तर त्यांना अण्णांनी फॉर्मसकट परत पाठवलं होतं. शुभा स्वयंपाकघरातून हे सगळं ऐकायची आणि आमटी ढवळत राहायची.

अण्णा अधूनमधून तिलाही विचारायचे. पेपर बाजूला ठेवून, चष्म्यावरून बघत, "शुभा, तुझं काही शिकायचं राहिलंय का गं? राहिलं असेल तर पुरं करून टाक. मी आहे घर बघायला." मग ती दुसऱ्याच दिवशी जाऊन कसल्यातरी क्लासला नाव घालून यायची. असं करत तिनं शिवणकाम केलं, एमएससीआयटी केलं, मोडी लिपीसुद्धा शिकली. प्रत्येक वेळी अण्णा प्रमाणपत्र हातात घेऊन नीट वाचायचे आणि म्हणायचे, "छान. आणखी काही?"

तर अशी अठ्ठावीस वर्षं गेली आणि मागच्या वर्षी जूनमध्ये गंधाली घरी आली. गंधाली बंगळुरूला नोकरी करते, तिला उसंत म्हणून नाही. आल्या आल्या लॅपटॉप उघडून बसली. "आई, तू एम. ए. करतेयस. इतिहास. मी फॉर्म भरायला घेतलाय, तीन पानं झालीसुद्धा. नाही म्हणायचं नाही हां."

शुभाचा चेहरा उजळला, खोटं कशाला बोला. एम. ए. इतिहास! जुने नकाशे, कागदपत्रं, ग्रंथालयात बसून वाचणं. पन्नाशीच्या बाईला एवढा आनंद होतो हे तिचं तिलाच नवल वाटलं. मग गंधाली म्हणाली, "पुढचं पान, पदवीचं सर्टिफिकेट अपलोड करा. कुठे ठेवलंयस?"

"राहू दे," शुभा म्हणाली.

"काय राहू दे? अगं परवा शेवटची तारीख आहे."

"राहू दे म्हटलं ना!"

आई आवाज चढवत नाही. गंधालीनं लॅपटॉप मिटला. अण्णा बागेत फिरायला गेले होते, घरात दोघीच होत्या. शुभानं जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं, ते भाजी निवडता निवडता सांगून टाकलं. तेहेतीस, एकतीस, हॉलतिकीट, नारळ, पेढा, सगळं.

गंधाली आधी हसली. अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "एफसी? आई! एफसीत कोण नापास होतं यार!" मग आईकडे बघितलं आणि तिचं हसू थांबलं. गवारीच्या शेंगेसकट तिनं आईचा हात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात जाऊन आली. जुना अभ्यासक्रम कधीच बंद झाला होता. पण ज्यांचे एखाद-दोन विषय लोंबकळत राहिले होते, त्यांना विद्यापीठ एक शेवटची संधी देणार होतं, नोव्हेंबरात. ही हुकली की संपलं. मग पुन्हा पहिल्या वर्षापासून नव्या पद्धतीनं सगळं, क्रेडिटं नि काय काय. एम. ए.चं हे वर्ष गेलंच होतं. पुढच्या वर्षी अर्ज करायचा तर नोव्हेंबरात पास व्हायलाच हवं.

"आजोबांना सांग," गंधाली म्हणाली.

"वेडी आहेस का? चौऱ्याऐंशीचे आहेत ते. काय वाटेल त्यांना? मी गुपचूप देऊन येईन."

"अठ्ठावीस वर्षांपूर्वीही हेच ठरलं होतं ना?"

गंधाली बंगळुरूला गेली. जाताना एक काम सांगून गेली. परीक्षेच्या अर्जाला लग्नाच्या दाखल्याची प्रत लागणार होती, कारण कॉलेजात नाव माहेरचं होतं.

आणि लग्नाचा दाखला अण्णांच्या कपाटात होता.

त्या कपाटात फायली होत्या, प्रत्येक माणसाची वेगळी. अण्णा भरलेल्या प्रत्येक फॉर्मची प्रत ठेवायचे, ही महापालिकेची सवय. एका सकाळी अण्णा बागेत गेल्यावर शुभानं 'शुभा' असं लिहिलेली फाईल काढली. दाखला वरच होता. तो घेऊन फाईल बंद करायची, एवढंच काम होतं. पण स्वतःच्या नावाची फाईल हातात आल्यावर कोण बंद करतं?

अठ्ठ्याण्णवचा रेशनकार्डाचा अर्ज. शिक्षणाच्या रकान्यात अण्णांच्या मोत्यासारख्या अक्षरात 'बी. ए.', खाली बारीक रेघसुद्धा मारलेली. नव्व्याण्णवचा कसलासा अर्ज, त्यातही बी. ए. मग दोन हजार सालचा एक छापील फॉर्म, पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवण्याचा. तिला आठवलं, तेव्हा अण्णा केवढ्या उत्साहानं तो घेऊन आले होते. पदवीधरांना वेगळं मत असतं, त्यासाठी पदवी मिळून तीन वर्षं व्हावी लागतात, ती त्यांनी बोटांवर मोजली होती. "सर्टिफिकेट माहेरी आहे, सापडत नाहीये," असं ती म्हणाली होती. त्या फॉर्मवर तिचं नाव होतं, पत्ता होता. पदवीचा रकाना कोरा होता.

त्याच्या पुढचा कागद गंधालीच्या शाळाप्रवेशाचा. आईचे शिक्षण, बारावी उत्तीर्ण. तिनं पुढचा उलटला. विम्याचा अर्ज, बारावी उत्तीर्ण. बँकेचा अर्ज, बारावी उत्तीर्ण. सगळे त्याच अक्षरात, वर्षानुवर्षं, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही.

शुभा कागद पसरून जमिनीवरच बसली. पहिल्यांदा लाज नाही आली, चक्क राग आला. म्हणजे ह्यांना पंचवीस वर्षं माहीत आहे! आणि माझ्याकडून दर दिवाळीला ती पाटी घासून घेतली!

अण्णा आले ते कोथिंबिरीची जुडी घेऊन. सून जमिनीवर, भोवती कागद पसरलेले. त्यांनी कोथिंबीर टेबलावर ठेवली, काठी भिंतीला लावली आणि खुर्चीत बसले.

"कधी कळलं तुम्हाला?" शुभानं विचारलं.

"त्या मतदार नोंदणीच्या वेळी. तू म्हणालीस सर्टिफिकेट सापडत नाही. म्हटलं, आपण दुसरी प्रत काढून आणू, तिला आश्चर्याचा धक्का देऊ. म्हणून तुझ्या कॉलेजात गेलो."

"आणि गप्प बसलात! फॉर्मवर बारावी लिहीत राहिलात आणि दारावर बी. ए.? हा कुठला न्याय अण्णा?"

"फॉर्मवर खोटं लिहिता येत नाही मला," अण्णा खाली बघत म्हणाले. "आणि पाटी काढली असती, तर मला कळलंय हे तुला कळलं असतं. मला वाटलं, देशील तू. आज ना उद्या देशील. किती वेळा म्हटलं तुला, काही राहिलं असेल तर पुरं करून टाक म्हणून."

"अहो अण्णा! म्हणून मी एमएससीआयटी केलं!"

"हो ना. आणि ती मोडी लिपी. मला समजेचना, ही बाई सगळं शिकते, नेमकं तेवढंच कसं शिकत नाही."

तिला हसू फुटलं. रागाच्या मध्येच फुटलं, आवरेना. अण्णाही हसले, पण लगेच थांबले. त्यांचा हात अलीकडे थरथरायचा, तो त्यांनी दुसऱ्या हातात धरला.

"आणखी एक आहे," ते म्हणाले. "कॉलेजातला क्लार्क म्हणाला, बाईंनी ऑक्टोबर सत्त्याण्णवला फॉर्म भरला होता, पण गैरहजर. मी विचारलं, पेपर कधी होता? माझी खोड. त्यानं शोधून सांगितलं, पंधरा तारीख, बुधवार, सकाळी अकरा. मी तुला नारळ फोडायला लावला, शुभा. तू चपला घालत होतीस. मी म्हटलं, थांब."

शुभानं समोरचे कागद बाजूला सारले.

"तुझ्याशी बोलायचं, तर आधी हे बोलावं लागलं असतं. तेवढी हिंमत झाली नाही. सासरा ना मी, मोठेपणा आड आला. मी तेव्हाच बोललो असतो, तर तू पुढच्याच वर्षी परीक्षा दिली असतीस. एम. ए.सुद्धा झाली असतीस एव्हाना. तुझी एवढी वर्षं माझ्या पाटीनं खाल्ली. चुकलं माझं. माफ कर."

अण्णांचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांत शुभानं त्यांच्या पायांना शंभरदा हात लावला असेल, त्यांचा हात कधी हातात घेतला नव्हता. तो तिनं घेतला. थरथर तिच्या हातात उतरली. "मी पण बोलू शकत होते की अण्णा," ती म्हणाली, आणि मग दोघांनी आपापल्या परीनं नाकं पुसली.

त्याच दुपारी शुभानं स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पाटी काढली. अण्णा राहू दे, राहू दे म्हणत होते. "नाही," ती म्हणाली, "आता दारालाही फॉर्मचाच नियम." दारावर पाटीच्या आकाराचा फिकट चौकोन उरला. माणिककाकूंच्या नजरेतून तो सुटतोय कसला! "अगं पाटी कुठे गेली?"

"मी बी. ए. नाहीये काकू. एक विषय राहिलाय. नोव्हेंबरात परीक्षा आहे."

इतकं सोपं होतं ते. काकूंनी गालावर हात ठेवला. "अगं बाई! म्हणजे आम्ही पेढे खाल्ले ते कशाचे?"

"उसने समजा. परत खाऊ घालते."

राहता राहिला नवरा. सहदेवची कंपनी विक्रोळीहून हलली, तसा तोही वापीला हलला, शनिवारी येतो. शुभानं त्याला फोनवर सांगितलं. तो पलीकडे खो खो हसला. "एफसी? अगं मला पण केटी होती एफसीला! दोनदा दिला मी."

"मग कधी सांगितलं नाहीस!"

"त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

शुभानं फोन ठेवून दिला आणि दोन दिवस उचलला नाही. बरोबरच केलं.

मग अभ्यास सुरू झाला. गंधालीनं कुठून तरी जुनं गाईड मिळवून पाठवलं. रोज दुपारी चहा झाला की अण्णा भिंगातून प्रश्न वाचायचे आणि शुभा उत्तर सांगायची. मानवी हक्क, प्रदूषणाचे प्रकार, समाजातील विषमता. वयाच्या विसाव्या वर्षी जे कंटाळवाणं वाटलं होतं, ते आता एकदम ओळखीचं वाटायला लागलं. विषमतेची उदाहरणं द्या म्हटल्यावर ती म्हणाली, "एकाच विषयात नवरा-बायको दोघं नापास. नवऱ्यानं ते हसण्यावारी नेलं आणि बायकोनं अठ्ठावीस वर्षं लपवलं. चालेल?" अण्णांनी भिंग खाली ठेवलं. "पूर्ण गुण," ते म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी अण्णा पाचला उठले. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, जणू पेपर त्यांचाच. आठ वाजल्यापासून घड्याळ हातात. "निघ आता."

"अण्णा, पेपर अकराला आहे. रिक्षानं अर्धा तास लागतो."

"निघ म्हणतो ना!"

ती चपला घालत होती आणि समोरचं दार उघडलं. माणिककाकू, हातात दहीसाखरेची वाटी. "शुभा, थांब गं जरा..."

"माणिक!" अण्णा असे कडाडले की जिन्यात आवाज घुमला. काठी आडवी धरून ते दोन दारांच्या मध्ये उभे राहिले. "आज तिला कुणी थांब म्हणायचं नाही. वाटी इकडे दे." त्यांनी वाटी घेतली, थरथरत्या हातानं चमचा शुभाच्या तोंडापर्यंत नेला, थोडं दही तिच्या पदरावर सांडलं. "जा," ते म्हणाले. रिक्षात बसून तिनं वर बघितलं, तर ते गॅलरीत उभे होते. रिक्षा एलबीएस रोडला वळेपर्यंत उभे होते.

कॉलेजात पोचली तेव्हा शिपाई गेट उघडत होता. हळूहळू बाकीचे जमले. एक बँकेतले गृहस्थ, केस सगळे पांढरे. एक ब्यूटी पार्लरवाली. सगळे एकमेकांना चोरून बघत होते, मग कुणीतरी विचारलं, "तुमचं पण एफसी?" आणि सगळे शाळकरी पोरांसारखे हसले. अकराची घंटा झाली. शुभानं पेपरवर तारीख घातली, तेव्हा डोळ्यांपुढे क्षणभर काही दिसेना. मग तिनं चष्मा पुसला आणि लिहायला घेतलं. तीन पुरवण्या लावल्या.

निकाल जानेवारीत लागला. एकसष्ट. अण्णांनी गुणपत्रिका तीनदा वाचली, शिक्कासुद्धा वाचला. पेढे त्यांनी स्वतः वाटले, माणिककाकूंना दोन, एक जुना हिशेब म्हणून. पाटी शुभानं घासली आणि स्टूलवर चढून लावली. अण्णा स्टूल धरून खाली उभे होते. नारळ या वेळी अण्णांनी फोडला, म्हणजे चार घाव घालूनही फुटेना तेव्हा माणिककाकूंनी फोडला.

जूनमध्ये गंधालीनं बंगळुरूहून दहा मिनिटांत एम. ए.चा अर्ज भरून टाकला आणि महिनाभरानं यादीत शुभाचं नाव आलं, एकोणिसावं. त्या दिवशी दुपारी शुभा अण्णांसमोर जाऊन बसली. तिच्या हातात एक कोरा छापील फॉर्म होता. पदवीधर मतदारसंघ.

"हा मात्र तुम्ही भरायचा," ती म्हणाली. "तुमच्या अक्षरात. बी. ए. लिहा एकदा फॉर्मवर."

अण्णांनी चष्मा चढवला. भिंग घेतलं. दोन वर्षांत त्यांनी कुणाचा फॉर्म भरला नव्हता, हात साथ देत नव्हता. पेन उघडून त्यांनी वरच्या सूचना वाचायला घेतल्या, एक ओळ सोडायची नाही ही जुनी सवय. वाचता वाचता पेन पुन्हा मिटलं.

"नाही भरता येणार," ते म्हणाले.

"का? मी धरते ना हात."

"हात नव्हे गं. पदवी मिळून तीन वर्षं व्हावी लागतात. तुला मिळाली ह्या जानेवारीत." त्यांनी बोटांवर मोजलं, जसं एकदा पूर्वी मोजलं होतं. "म्हणजे मी अठ्ठ्याऐंशीचा होईन."

शुभा काही तरी बोलणार होती, होईल हो, आरामात होईल, असलं काही. पण अण्णांपुढे खोटं बोलायची तिची आता तयारी नव्हती. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पीं पीं आवाज येत राहिला.

अण्णांनी पुन्हा पेन उघडलं. रकान्यात नाही, फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात, पूर्वी फायलींवर शेरा लिहायचे तसं हळूहळू काहीतरी लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं, एका जागी पेन घसरलं, पण खाडाखोड केली नाही. मग त्यांनी फॉर्म 'शुभा' लिहिलेल्या फाईलमध्ये सगळ्यात वर लावला आणि फाईल तिच्याकडे दिली.

तिनं वाचलं. 'जानेवारी २०२९. शुभाला घेऊन जाणे.'